गिरगाव ते परळ, एक वही परत द्यायला

मुंबईहून परत येऊन अडीच महिने झाले. व्याख्यानमालेच्या अंकासाठी ‘जुन्या गिरगावाबद्दल काही खुसखुशीत लिहा’ असं पत्र आलं, तेव्हा नाही म्हणायचा विचार होता. आता लिहितो आहे, पण ते खुसखुशीत होईल असं वाटत नाही. मे महिन्यात मी चार दिवस गिरगाव, दादर आणि परळ असा फिरून आलो. आपले पुष्कळसे जुने श्रोते आता डोंबिवलीला, विरारला, पुण्याला मुलांकडे असतात. ज्यांनी कित्येक वर्षांत तिकडे पाऊल टाकलेलं नाही त्यांना तिथलं थोडंफार सांगेन. मी गेलो होतो मात्र एका कामाला, आणि ते काम याच व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सुरू झालं होतं.

माझ्या पिशवीत दोन सदरे, गोळ्यांची डबी आणि एक वही होती. लांबट, लाल कापडी पाठीची, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. ही वही माझी नाही. परळच्या शांताराम सकपाळची आहे. मी ती पाहायला म्हणून घरी आणली होती, आणि ती माझ्या टेबलावर पडलेली असताना ‘ती वही कुठे आहे?’ असं भरल्या सभेत मी त्यालाच विचारलं होतं. त्याला वीसेक वर्षं झाली. नंतर मी निवृत्त होऊन नाशिकला मुलाकडे आलो, तर वहीही माझ्याबरोबर नाशिकला आली. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्यामागे ती रद्दीत गेली असती.

पहिला दिवस : फणसवाडी

उतरलो ते पुतणीकडे. मृणाल फणसवाडीतच राहते, आमची चाळ होती त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. दार उघडताच म्हणाली, “काका, तुमची खोली बरोब्बर इथेच होती हं. फक्त बारा मजले खाली.”

सवयीने मी आधी खिडकी उघडली. आमच्या वेळी गॅलरीचं दार उघडलं की दुपारी चारच्या सुमारास चौपाटीकडून वारा यायचा. त्या वाऱ्याला आईने वेळ लावून दिली होती. तो आला की वाळत घातलेले पापड उलटायचे. आता खिडकीतून आला तो भट्टीसारखा झोत.

“काका, लावा ती. एसी चालू आहे.”

“अगं, ही हवा पूर्वी समुद्रावरून यायची.”

“आता समोरच्या शहांच्या बेडरूममधून येते.” मृणाल हसली आणि माझ्या हातात पन्ह्याचा पेला दिला. पन्हं मात्र तसंच होतं. गूळ घातलेलं, वेलचीचं, वर केशराचा थाट न केलेलं. नाशिकला सूनबाई साखरेचं करते. चांगलं करते, पण ते सरबत होतं.

ऊन कलल्यावर एकटाच खाली उतरलो आणि आपल्याच वाडीत चुकलो. विहिरीपाशी डावीकडे वळायचं, एवढं डोक्यात पक्कं होतं, आणि विहीरच सापडेना. तिच्यावर स्लॅब पडला आहे आणि स्लॅबवर स्कूटर उभ्या असतात. कैऱ्या विकायला बसलेल्या बाईंनी विचारलं, “आजोबा, कुठं जायचंय?”

“कुठे नाही. मी इथलाच आहे.”

“मग चुकलात कसे?”

पाव किलो कैऱ्या घेतल्या आणि निघालो.

आपल्या व्याख्यानांचा हॉल अजून उभा आहे, हे आधी सांगतो. खुर्च्या लाकडी जाऊन प्लास्टिकच्या आल्यात, पंखे तेच आहेत. त्या दिवशी कुणाच्या तरी मुंजीची आवराआवर चालली होती, त्यामुळे आत जाता आलं. मी व्यासपीठाच्या पायरीशी उभा राहिलो. तिथून तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची दिसते. शांताराम तिथे बसला होता.

ज्यांना तो दिवस आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या व्याख्यानाचा विषय होता ‘हवामान बदलतं आहे, पण कोण बदलतं आहे?’ भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. मुंबईचा काळा खडक लाव्हाचा, लाव्हाच्या एका थरानंतर दुसरा येईपर्यंतच्या काळात इथे तळी होती, वरळीच्या खडकात त्या तळ्यांतल्या बेडकांचे अवशेष सापडतात, गोदी खोदली तेव्हा चिखलाखाली उभीच्या उभी झाडं सापडली, म्हणजे समुद्र याआधीही आत शिरला होता, हे सगळं मी रंगवून सांगायचो. यातलं काहीही खोटं नाही. त्यावरून मी जो निष्कर्ष काढायचो तो मात्र खोटा होता. पृथ्वी आपली आपण बदलत असते, तेव्हा आजच्या बदलाचं खापर माणसाच्या डोक्यावर फोडू नका, असं मी सांगायचो. ‘पृथ्वीला माणसाचा ताप येत नाही’ हे माझं वाक्य. त्यावर हमखास टाळ्या पडायच्या. त्याच दिवशी माझी त्याच नावाची पुस्तिकाही निघाली होती.

आपल्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत आहे. अध्यक्षांनी एक चिठ्ठी वाचली : ‘माझ्याकडे परळच्या रोजच्या तापमानाच्या नोंदी आहेत. रात्रीचा पारा चढत चालला आहे. सरांनी पाहाव्यात. शां. सकपाळ.’ अध्यक्षांनी त्याला उभं केलं. त्याच्या पायाशी वह्यांनी भरलेली कापडी पिशवी होती.

शांताराम कोण, हे सभागृहात फक्त मला माहीत होतं. तो गिरणीत साचाखात्यात होता. साचे म्हणजे माग. विणताना हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून तिथली हवा दमट ठेवतात. ती किती दमट आहे हे पाहायला भिंतीवर दोन तापमापक लावतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची वात. बाहेरची हवा कळावी म्हणून अशीच एक जोडी गिरणीच्या आवारात, झडपांच्या लाकडी पेटीत होती. या दोन्ही जोड्या वाचून वहीत लिहायचं काम शांतारामचं. त्याचे वडील त्याच गिरणीत होते, पण त्यांना साचाखात्यात घेतलं नव्हतं. मागावरच्या धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं, आणि तोच धोटा इतरांच्याही तोंडी जाणार, म्हणून त्यांच्या जातीचा माणूस तिथे चालायचा नाही. “माझ्या बापाला ज्या खात्याच्या दारात उभं करत नव्हते, तिथली हवा मी लिहितो,” असं तो एकदाच मला म्हणाला होता. दर वर्षी जानेवारीत तो तापमापक टॉवेलात गुंडाळून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यायचा, बर्फाच्या चुऱ्यात बुडवून पारा शून्यावर येतो का ते तपासायला. मी चहा मागवायचो. तो सर म्हणायचा, मी अरे म्हणायचो. अशी आमची वीस वर्षांची मैत्री.

गिरणी बंद पडणार हे दिसू लागलं तेव्हा त्याने आपल्या चाळीच्या गच्चीवर तशीच दुसरी पेटी बसवली. एक पूर्ण वर्ष दोन्हीकडच्या नोंदी घेतल्या, म्हणजे जागा बदलल्यामुळे किती फरक पडतो ते कळावं. पाठ्यपुस्तकात सांगतात तसं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या वर्षाच्या नोंदींची वही म्हणजेच ही लाल वही. व्याख्यानाच्या तीन महिने आधी तो ती मला देऊन गेला होता. मी ती पानन् पान पाहिली होती. दोन्ही जागांतला फरक इतका थोडा आणि इतका एकसारखा होता, की आधीच्या आणि नंतरच्या नोंदी बिनदिक्कत जोडता आल्या असत्या.

आणि मी व्यासपीठावरून विचारलं, “शांताराम, तुझ्या तापमापकाची जागा कधी बदलली होती का?”

“हो सर. एकदा. पण दोन्हीकडं वर्षभर…”

“त्याची वही?”

त्याने पिशवीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“इथं नाही, सर.”

“वही नाही तर तुलना नाही,” मी म्हणालो, “आणि तुलना नाही तर मित्रा, हे विज्ञान नाही. ही हौस झाली.”

सभागृह हसलं. मीही हसलो. शांताराम खाली बसला आणि पिशवीचे बंद बांधत राहिला.

दुसरा दिवस : शिवाजी पार्क

सरळ परळला जायचं तर मी आधी दादरला गेलो. धीर होत नव्हता, हे खरं कारण. गिरगावातून दादरला आता भुयारी मेट्रोने जाता येतं. ज्या खडकावर चाळीस वर्षं बोललो त्याच्या पोटातून आयुष्यात पहिल्यांदा गेलो. दिसल्या त्या फक्त जाहिराती.

मधू दांडेकर हा माझा शाळेपासूनचा मित्र. निवृत्त इंजिनिअर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळच्या फेरीनंतर त्याची बैठक असते. पलीकडे नेटमध्ये मुलं खेळत होती, बॅटचा ठक्क आवाज येत होता आणि सात वाजताच सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. मधूने कोथिंबीर वड्यांचा डबा उघडला आणि कट्ट्यावरच्या कुंदाताईंशी माझी ओळख करून दिली. त्या निवृत्त शिक्षिका, दादर चौपाटीजवळ राहणाऱ्या.

“कुंदाताई, हाच तो. ज्याचं पुस्तक मी तुम्हाला दिलं होतं.”

“असं का? बरं झालं भेटलात,” कुंदाताई म्हणाल्या. “मला एक सांगा. लहानपणी आम्ही चौपाटीवर लगोरी खेळायचो. आता भरतीला दगडांवर बसायलासुद्धा जागा नसते. हा उकाडा तर बघताच आहात. हे सगळं आपोआप?”

“अहो ताई, आपोआपच!” मधू उसळलाच. “वरळीत बेडूक सापडले दगडात. गोदीत झाडं सापडली समुद्राखाली. तेव्हा कुठं होत्या मोटारी? कुठं होते एसी? हा समुद्र येतो आणि जातो. पृथ्वीला माणसाचा ताप येत नाही. काय रे?”

माझं वाक्य, माझ्याच ठेक्यात, शेवटच्या शब्दावर मी जसा थांबायचो तसा थांबूनसुद्धा.

कुंदाताई माझ्याकडे पाहत होत्या. तिथे खरं बोलायला काय हरकत होती? कसली खुर्ची जाणार होती? मी म्हणालो, “तसं पाहिलं तर… दोन्ही बाजू आहेत.”

“बघा!” मधू म्हणाला. “वडी घ्या.”

वडी घेतली. खुसखुशीत होती. वीस वर्षांपूर्वी मी जे केलं त्याला तारुण्याची नाही तरी निदान टाळ्यांची सबब होती. आज टाळ्याही नव्हत्या, डबा होता फक्त. कुंदाताई उठता उठता म्हणाल्या, “दोन्ही बाजू असतील हो. पण पाणी आमच्याच बाजूला येतं.” आणि चपला सरकवून निघून गेल्या.

तिसरा दिवस : लालबाग, परळ

लालबागला मसाल्याच्या गल्लीपाशी उतरलो. मे महिना म्हणजे वर्षाचा मसाला कुटायचा हंगाम. भाजलेल्या मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मी रस्त्यात उभा राहून दहा-बारा शिंका दिल्या. एका दुकानातल्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. “काका, बाहेरगावचे का?” परवा विहिरीपाशी दुखावलेला मी, या वेळी मुकाट्याने हो म्हणालो. आईसाठी मसाला न्यायला मी दर मे महिन्यात इथे यायचो. तेव्हा गिरण्यांचे भोंगे होते. आता चिमण्यासुद्धा मोजक्या राहिल्यात, आणि ज्या आहेत त्या काचेच्या इमारतींच्या मध्ये उभ्या राहून चुकल्यासारख्या दिसतात.

शांताराम राहतो तोही आता टॉवरमध्येच, एकोणिसाव्या मजल्यावर. दार त्याच्या मुलीने उघडलं. संघमित्रा परळच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मी नाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “बाबा, गिरगावचे सर आलेत,” एवढंच ती आत वळून म्हणाली.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. बारीक झाला आहे. डोळ्यांनी अधू झाला आहे, समोर माणूस आहे एवढं दिसतं, चेहरा दिसत नाही.

“या सर. बसा. उन्हाचं कशाला आलात?”

मी पिशव्या सोडल्या आणि वही त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने पाठीवरून बोट फिरवलं. कापडाचा एक कोपरा उसवलेला आहे, तो चाचपला.

“संघू,” तो म्हणाला, “पुठ्ठा काढ.”

संघमित्राने कपाट उघडलं. दोन फळ्यांवर वह्या उभ्या लावलेल्या होत्या, एकसारख्या, पाठीवर वर्षं घातलेली. मधोमध एका वहीच्या जागी त्याच मापाचा कापलेला पुठ्ठा होता. तिने तो काढला, लाल वही तिथे सरकवली. ती घट्ट बसली.

मी सगळं बोललो. वही तेव्हा माझ्या टेबलावर होती. मी ती वाचली होती. त्यातले आकडे तुमच्या बाजूचे होते हे मला माहीत होतं. मी अहो-जाहो करत होतो, हे माझं मलाच उशिरा ऐकू आलं.

“माहितीय मला,” शांताराम म्हणाला.

“काय माहितीय?”

“वही तुमच्याकडं होती ते. मीच तर दिली होती. विसरेन कसा?”

“मग सभेत बोलला का नाहीत?”

“वाटलं, तुम्हाला आठवेल. तुम्ही सांगाल. मग वाटलं, उद्या आणून द्याल. मग पुठ्ठा कापला.”

संघमित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “सर, मी सांगू का? त्यानंतर एक मुलगी आली होती. शिकत होती, मुंबईच्या हवेवर काम करत होती. बाबांच्या सगळ्या वह्या बघितल्या. म्हणाली, गिरणीतल्या आणि चाळीतल्या नोंदी जोडायच्या कशा? बाबा म्हणाले, मधली वही नाही. तिने नंतरच्या घेतल्या. गिरणीतल्या सगळ्या ठेवून गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.”

“संघू, पुरे.”

“का पुरे? तुम्ही नाही बोलणार, मग मी तरी बोलते.”

शांतारामनेच विषय बदलला. चाळ पाडली तेव्हा पेटीचं काय केलं ते सांगू लागला. एकोणिसाव्या मजल्यावरचा पारा काय कामाचा? म्हणून त्याने ती बुद्धविहाराच्या आवारात हलवली. जुन्या चाळीत लोक तिला ‘सकपाळांचा देव्हारा’ म्हणायचे. “मी म्हणायचो, बाबांनो, बौद्धाच्या घरी कसला देव्हारा? आत देव नाही, पारा आहे. तर शेजारची म्हातारी म्हणाली, रोज दोनदा उघडून बघतोस, पाणी घालतोस, मग देवच की!” तो हसला. मग म्हणाला, “त्या वेळीसुद्धा वर्षभर दोन्हीकडं नोंदी घेतल्या. ह्यावेळेला वहीच्या दोन प्रती केल्या.”

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नसावं. लागायचं तिथे लागलं.

मी म्हणालो, आजूबाजूला टॉवर झाले, काच आली, एसी आले, त्यामुळेही परळ तापलं असणार. जुना मास्तर गप्प बसत नाही.

“असणारच की. ते काय देवानं बांधले?” तो म्हणाला. “मी कधी पृथ्वीचं बोललोच नाही, सर. मी परळचं बोललो. ज्यानं त्यानं आपापल्या ठिकाणचं मोजावं, तुमच्यासारख्यांनी मग बेरीज करावी. तुमचे बेडूक खरे, झाडं खरी. पण चाळीत वरच्या मजल्यावरचा नळ पूर्वीही कधी कधी गळायचा, म्हणून आज तो कुणी उघडा टाकला नाही, असं होतं का? वर जाऊन बघायला नको?”

बघायला मी गेलोच नव्हतो. लाखो वर्षांत होणारी गोष्ट मी एका व्याख्यानात सांगायचो, त्यामुळे ऐकणाऱ्याला, आणि मलाही, त्या बदलाचा आणि आजच्या बदलाचा वेग एकच वाटू लागला. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जंगलं जमिनीखाली दबून कोळसा झाली. तो कोळसा ज्या चिमण्यांनी वर सोडला, त्यांच्याच आवारात एक माणूस रोज पारा वाचत होता. माझ्या विषयाची दोन्ही टोकं त्याच्या हातात होती. मी त्याला हौशी म्हणालो.

जेवायला संघमित्राने कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी वाढली. तिखट जरा जास्त, नाहीतर अगदी आईच्या हातची. दोघांचीही गावं रत्नागिरीकडची, हे इतक्या वर्षांत कधी बोलण्यात आलं नव्हतं. येणार कसं? वीस वर्षं तो माझ्याकडे चहा पीत होता आणि मी एकदाही त्याच्या घरी गेलो नव्हतो.

निघताना मी म्हणालो, “शांताराम, मला माफ करा.”

त्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, कळलं नाही. “मला कशाला सांगता, सर? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. जिथं बोललात तिथं.” आणि मग, “उद्या सकाळी साडेआठला याल का विहारात? नोंदीची वेळ आहे. संघूची उद्या सकाळची पाळी आहे. माझे डोळे असे.”

चौथा दिवस : परळ

सव्वाआठला पोचलो. आवारात बोधिवृक्ष आहे, त्याच्या सावलीपासून मुद्दाम दूर, उघड्यावर, पांढऱ्या रंगाची झडपांची पेटी चार पायांवर उभी आहे. शांताराम काठी टेकत आधीच आला होता. एका बाटलीत पाणी होतं. मला वाटलं माझ्यासाठी आणलं, म्हणून मी दोन घोट प्यायलो.

“सर, ते वातीचं पाणी. उकळून गार केलेलं आहे, काही होत नाही. पण थोडं ठेवा.”

पेटी उघडली. वात ओली होती. तरी त्याने चिमटीत धरून खात्री केली. मी वाकलो, कोरड्याचा पारा वाचला आणि आकडा सांगितला.

“डोळा कुठं आहे तुमचा?”

“म्हणजे?”

“तुम्ही उभं राहून वरनं बघताय. पारा जास्त दिसणार. गुडघे वाकवा. डोळा आणि पारा एका रेषेत आणा.”

हे मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत. पेटीच्या पायाला धरून कसाबसा खाली झालो आणि पुन्हा वाचला. आकडा खरोखरच कमी निघाला. मग ओल्याचा वाचला.

शांतारामने वही माझ्यापुढे केली. तारीख, वेळ, कोरडा, ओला, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. मी पहिले चार रकाने भरले आणि वही मिटू लागलो.

“शेरा राहिला.”

“त्यात काय लिहू? आभाळ स्वच्छ आहे.”

“ते लिहाच. पण आज हात बदलला ना? जागा बदलली, काच बदलली, माणूस बदलला, काहीही बदललं की लिहायचं. नाहीतर पुढं वाचणाऱ्याला वाटेल सगळं तेच आहे.”

मी लिहिलं : ‘आकाश निरभ्र. नोंद घेणारा नवीन. प्रथम डोळा वर, वाचन चुकीचं. दुरुस्त केलं.’

“वाचून दाखवा,” तो म्हणाला. मी वाचलं. “आता सही.”

सही केली. तो रकाना दोन बोटं रुंद आहे, त्यात एवढंच मावलं. उरलेला शेरा इथे लिहिला आहे.